असं का होतं? : रुसणारा दिवा



नागपंचमीच्या सुमारास आपल्या शिराळ्यात पावसाची कशी झड लागते! दारं-खिडक्या फुगतात, कडी-कोयंडे गंजतात. मग अंगणात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीचं काय होत असेल?

अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली गेली. तरी हौशी माणसं या गाड्या अजून जपतात. अशा गाडीचा एखादा दिवा कधीकधी रुसतो. गाडी आदळली की जातो, थाप मारली की लागतो! गॅरेजमध्ये नेली, की मात्र शहाण्या मुलासारखा पेटून राहतो. रोज त्याच वळणावर दिवा गेला, तर कुणी लिंबू-मिरची बांधायलाही सांगेल. पण त्या वळणावर भूत नसतं, खड्डा असतो!

आधी विजेची वाट समजून घेऊ. वीज बॅटरीच्या एका टोकाकडून निघते, फ्यूज, बटण आणि दिवा यांतून जाते आणि दुसऱ्या टोकाला परत येते. परतीसाठी बॅटरीपर्यंत वेगळी तार बहुधा नसतेच. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट! मिस्त्री तिला ‘अर्थ’ म्हणतात. ही वाट जिथे स्क्रूने पत्र्याला जोडलेली असते, तिथे गंज चढला की वीज अडते. धक्क्याने स्क्रू हलला, धातूला धातू टेकला, की दिवा लागतो. पुन्हा हलला, की जातो.

चांगला मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. आधी तो प्रश्न विचारतो.

१. एकच दिवा जातो की दोन्ही? एकच जात असेल, तर दोष त्याच्याच बल्बमध्ये, होल्डरमध्ये, तारेत किंवा अर्थमध्ये. दोन्ही हेडलाइट एकदम जात असतील, तर आधी त्यांची सामाईक वाट तपासायची: बटण, डिपर, फ्यूज.

२. कधी जातो? खड्ड्यात, पावसात, की गाडी तापल्यावर?

३. सोबत आणखी काय घडतं? मागचा इंडिकेटर लावला आणि शेजारचा लाल दिवाही मिणमिणू लागला, तर अर्थवर संशय घ्यायचा. नेहमीची वाट बंद, म्हणून वीज शेजारच्या बल्बमधून परत जाऊ पाहते!

मग खात्री करायची. मिस्त्री बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून एक तार थेट दिव्याच्या पत्र्याला टेकवतो. दिवा लख्ख झाला, की चोर सापडला! बॅटरी सोडवायची, स्क्रू काढायचा, गंज पॉलिश पेपरने घासायचा आणि स्क्रू घट्ट बसवायचा. नवा बल्ब घ्यायची गरजच नाही.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी जाड तार घालू नका. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. तार कुठे पत्र्याला चिकटली, तर त्याच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो. तो तोडायला फ्यूज नसेल, तर तार तापून गाडी पेटू शकते. आणि ‘कधीतरीच जातो ना’ असं म्हणून चालढकलही नको. आपल्या गाडीचा मागचा दिवा आपल्याला दिसतच नाही, तो मागून येणाऱ्यासाठी असतो. अंधारात उसाचा ट्रॉलीवाला दिव्याशिवाय पुढे असला, की काय वाटतं ते आठवा!

करून पाहा : टॉर्चचे दोन सेल, छोटा बल्ब, तारेचे तुकडे आणि एक गंजका खिळा घ्या. विजेच्या वाटेत खिळा जोडा. बल्ब लागतो का? आता खिळा पॉलिश पेपरने चकचकीत घासून पुन्हा जोडा. काय होईल, तो अंदाज मात्र आधी वहीत लिहायचा, मगच प्रयोग! सेलवरच करायचं बरं का. घरातल्या विजेला आणि गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही.

दिवा रुसला तर त्याच्यावर चिडू नका. तो कधी, कुठे, कसा रुसतो ते नीट बघा. त्यातच उत्तर दडलेलं असतं.