कर आमचा, दवाखाना कुठे?



शहरात शेतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: "शेतकरी कर भरत नाही, मग सरकारकडे मागतो कशाला?" केंद्राचा प्राप्तिकर शेतीच्या उत्पन्नावर नाही, हे खरे. पण पाच एकर कोरडवाहूत कपाशी आणि ज्वारी घेणाऱ्याच्या हातात खर्च वजा जाता जे उरते, तेवढ्यावर नोकरदारालाही प्राप्तिकर लागत नाही. म्हणजे ही सूट आमच्या कामाची नाहीच. ती कामाची आहे शेतीच्या नावावर दुसरे उत्पन्न दाखवणाऱ्यांच्या.

आम्ही कर भरतो तो कृषी केंद्राच्या काउंटरवर. २०१७ पासून रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के जीएसटी आहे. हजार रुपयांच्या औषधावर १८० रुपये सरकारचे. खतावर ५ टक्के. कारखानदार खरेदीवर जो कर भरतो, तो विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. आम्हाला तशी वजावट नाही. कराची साखळी बांधापर्यंत येते आणि ओझे तिथेच टाकून देते.

हा झाला दिसणारा कर. न दिसणारा त्याहून मोठा. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या अभ्यासाने सांगितले की २००० ते २०१६ या काळात भारतातल्या शेतकऱ्याची एकूण मिळकत सरकारी धोरणांमुळे सरासरी १४ टक्क्यांनी घटली. चळवळ ज्याला उणे सबसिडी म्हणत आली, ती हीच. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट डिसेंबर अखेरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीत, चालू ठेवली. त्याची पावती कुणाला मिळाली?

आता दुसरा प्रश्न. एवढे दिल्यावर परत काय मिळते? याचे उत्तर पुरुषांना विचारू नका, घरातल्या बाईला विचारा. निंदणी तिची, वेचणी तिची, आणि दिवसभर शेतात आडोसा नाही म्हणून पाणी न पिणारीही तीच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुंकू आणि बांगड्या करमुक्त होत्या, सॅनिटरी पॅडवर मात्र १२ टक्के होते. नवऱ्याच्या नावाने लावायच्या वस्तूला सूट आणि बाईच्या स्वतःच्या गरजेला कर! देशभर बायांनी आवाज उठवला तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. त्यातही एक मेख राहिली. माल करमुक्त झाला की कंपनीला कच्च्या मालावरच्या कराची वजावट मिळत नाही, तो कर किमतीत मुरतो. औषध-खतांच्या बाबतीत "करमाफी" एवढीच मागणी करून आम्ही फसू नये, तो याच कारणासाठी.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले होते की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के होईल. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि तोही कोरोनाच्या काळातला. त्या वर्षी आरोग्यावर झालेल्या एकूण खर्चातले शंभरातले ३९ रुपये लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरले. खेड्यात "खिशातून" याचा अर्थ भाव नसताना विकलेला कापूस, नाहीतर सावकार.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाही, म्हणून बाई खाजगीत जाते. पुढे काय होते ते बीडने दाखवले. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आकडा आला: तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. अनेकींचे वय चाळिशीच्या आतले. या बाया परक्या नाहीत. कोरडवाहूत भागत नाही म्हणून उचल घेऊन कोयता हाती घेतलेल्या आपल्याच घरच्या आहेत. पाळीत दुखले तरी सुट्टी नाही, खाडा पडला तर मुकादम दंड कापणार. त्यात "कॅन्सर होईल" अशी भीती घातली की झाले.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो आणि तुम्हालाही सांगत आलो की अळी दिसली की लगेच पंप उचलू नका. आधी मोजा, नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा. कपाशीच्या झाडाला आपण हा न्याय लावतो. अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईची पिशवी मात्र पहिल्याच भेटीत काढायला निघते. पांढरे जाण्याची बरीच कारणे गोळ्या-औषधांनी बरी होणारी असतात. अंडाशयही काढले तर तिशीतच पाळी बंद झाल्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात, आणि कर्ज तेवढे राहते.

कुटुंब नियोजनातही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातल्या ३८ विवाहित बायांचे ऑपरेशन झालेले होते, पुरुष नसबंदी मात्र ०.३ टक्के. पुरुषाची नसबंदी सोपी, कमी धोक्याची, टाकेही नसतात. तरी टेबलावर झोपायचे बाईनेच. २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरच्या शिबिरांनंतर डझनाहून जास्त बाया दगावल्या. शेवटी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा असे सांगावे लागले. इथे दोष एकट्या सरकारचा नाही. आमच्या बैठकांत बसलेल्या किती जणांनी नसबंदी करून घेतली? हात वर होणार नाहीत, आम्हाला ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, भावाच्या लढाईत हे कशाला? आमचे उत्तर असे की हिशेब एकच आहे. घेताना सगळ्यांकडून घ्यायचे आणि देताना खेड्याला, त्यातही बाईला, शेवटी ठेवायचे. १९८६ साली चांदवडला शेतकरी बाया जमल्या, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. भावाच्या मोर्चात त्या पुढे होत्या. त्यांच्या दुखण्याच्या वेळी आम्ही कुठे होतो?

म्हणून आमच्या मागण्या अशा. निविष्ठांवर भरलेला कर शेतकऱ्याच्या खात्यात परत यावा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी स्त्रियांची तपासणी व्हावी. दुसऱ्या डॉक्टरचे लेखी मत घेतल्याशिवाय कुठल्याही जिल्ह्यात पिशवी काढली जाऊ नये. आणि मूल हवे की नको याचा निर्णय बाईचा राहावा. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. हे गावागावात सांगा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत. एक, या हंगामाची कृषी केंद्राची बिले, कराच्या रकान्यासह. दुसरा, गावात किती बायांची पिशवी काढली, कोणत्या वयात आणि किती खर्चात. नावे लिहू नका. आणि ही विचारपूस बायांनीच करावी, पुरुषांनी नको.

दोन्ही बेरजा शेजारी मांडू, आणि मग विचारू, कर कोण भरत नाही?