शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने

गावच्या मैदानावर सामना रंगात आलेला असतो. चेंडू अडवताना एखादा खेळाडू झटक्यात वळतो, पाय जमिनीत रुततो आणि गुडघा आतल्या आत फिरतो. सहकारी त्याला उचलून कडेला आणतात, वेदनाशामक फवारा मारला जातो आणि उभे राहता आले तर तो पुन्हा मैदानात उतरतो. ज्या गोव्यात फुटबॉलला राज्य क्रीडाप्रकाराचा मान आहे, तेथे हे दृश्य कोणाला अपरिचित नाही. त्या खेळाडूचे पुढे काय होते, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

अशा वेळी बहुधा दुखावतो तो गुडघ्याला स्थैर्य देणारा अस्थिबंध. खेळाडूंच्या बोलण्यातला ‘एसीएल’. तो पूर्ण तुटल्यास शस्त्रक्रियेत खेळाडूच्याच शरीरातील स्नायुबंधाचा तुकडा घेऊन नवा अस्थिबंध बसवला जातो. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, पण बसवलेला तुकडा शरीरात रुजून खेळाचा ताण सोसण्याइतका बळकट व्हायला अनेक महिने लागतात. वेदना आणि सूज त्याच्या कितीतरी आधी ओसरतात. धोका नेमका येथेच असतो. खेळाडूला वाटते आपण बरे झालो. गुडघा मात्र अजून तयार नसतो.

या मधल्या काळाची सूत्रे क्रीडा भौतिकोपचारतज्ज्ञाच्या, म्हणजेच फिजिओच्या हाती असतात. अमेरिका आणि कॅनडात ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ वा ‘अ‍ॅथलेटिक थेरपिस्ट’ हा यासाठी स्वतंत्र व्यवसाय आहे. अमेरिकेतील त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० सालची. आपल्याकडे ही जबाबदारी मुख्यत्वे फिजिओवरच येते. प्रारंभी सूज उतरवणे आणि गुडघा पूर्ण सरळ होऊ लागणे, मग मांडीच्या स्नायूंची शक्ती परत मिळवणे, पुढे धावणे, उडी मारून नीट टेकणे, दिशा बदलणे आणि सर्वांत शेवटी प्रतिस्पर्ध्याशी अंगाला अंग भिडवून खेळणे, अशी ही चढती पायरी असते. पुढची पायरी चढायची की नाही, हे केवळ दिनदर्शिका पाहून ठरत नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरील उडीचे अंतर निरोगी पायाच्या किमान ९० टक्के आहे का, हे मोजून ठरते.

या मोजमापाला आधार आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जसजसे लांबवले, तसतसा दर महिन्यामागे गुडघ्याच्या फेरदुखापतीचा दर सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. घाईची किंमत याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

देशातील दोन ठळक उदाहरणे ताजी आहेत. ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या अस्थिबंधांवर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत दीर्घ पुनर्वसन करून तो मार्च २०२४ मध्ये मैदानात परतला आणि जूनमध्ये विश्वविजेत्या संघाचा भाग ठरला. विनेश फोगाटच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभराच्या आत तिने पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. या यशात शल्यविशारदांचा वाटा मोठा आहेच, पण रोज हजर राहणाऱ्या तज्ज्ञांचाही तो तितकाच आहे.

प्रश्न आहे तो अकादमीबाहेरच्या खेळाडूचा. शस्त्रक्रियेसाठी कुटुंब कर्ज काढते, देणग्या गोळा होतात. त्यानंतर आठवड्याला दोन-तीनदा करावा लागणारा प्रवास, उपचारांचे शुल्क आणि बुडणारी मजुरी यांची तरतूद कोणी करत नाही. परिणामी काही आठवड्यांत उपचार सुटतात आणि पुढच्या हंगामात तोच गुडघा पुन्हा दगा देतो. विशीतच खेळ सुटणे ही नुसती क्रीडा क्षेत्राची हानी नव्हे. कमी वयात झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे आयुष्यभर सोबत राहते. ही दुखापत पुरुषांपेक्षा महिला खेळाडूंना अधिक प्रमाणात होते, हेही मुलींचे संघ उभारताना विसरता येणार नाही.

फिजिओचे दुसरे कार्य याहून नाजूक आहे, आणि ते म्हणजे ‘नाही’ म्हणणे. अंतिम सामना तोंडावर असताना प्रशिक्षक, आयोजक आणि खुद्द खेळाडू यांना पुनरागमनाची घाई असते. अशा वेळी नकाराचा अधिकार असलेला आणि निकालावर ज्याचे मानधन अवलंबून नाही असा तज्ज्ञच खेळाडूचे हित जपू शकतो.

गोव्याने २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद भूषवले. मैदाने आणि सभागृहे उभी राहिली. आता माणसांवर खर्च करण्याची वेळ आहे. प्रत्येक तालुक्याला एक क्रीडा फिजिओ, मान्यताप्राप्त स्पर्धांत मैदानावर प्रशिक्षित उपचारकाची सक्ती आणि शस्त्रक्रियेच्या साहाय्यात पुनर्वसनाच्या खर्चाचा समावेश, या मागण्या अवाजवी नाहीत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचारासह संलग्न आरोग्य व्यवसायांच्या शिक्षणाला व नोंदणीला चौकट दिली आहे. त्यामुळे पात्र कोण, हा प्रश्नही अडण्याजोगा राहिलेला नाही. फिफाने प्रसारित केलेला सुमारे वीस मिनिटांचा ‘इलेव्हन प्लस’ हा पूर्वव्यायाम तर जवळपास विनाखर्च आहे. तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीयरीत्या कमी होतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

विजेत्याला चषक देण्यासाठी व्यासपीठ सजते, पाहुणे येतात. कडेला बर्फाची पिशवी धरून बसलेल्या खेळाडूसाठी पुढचे नऊ महिने कोण उभे राहणार, यावरच त्या राज्याचे क्रीडाप्रेम पारखले जावे.