पुन्हा चालवून बघू!

मागच्या रविवारची गोष्ट. सकाळचा चहा झाला होता. सून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून काम करीत होती. पडद्यावर एक लाल खूण उमटली. तिने कपाळाला आठीसुद्धा न घालता एक कळ दाबली. थोड्या वेळाने लालाचे हिरवे झाले.

“काय झालं होतं गं?” मी विचारले.

“काही नाही बाबा, पुन्हा चालवलं. ही चाचणी असंच करते कधी कधी.”

बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘असंच होतं कधी कधी’ हे वाक्य फार ओळखीचे असते. मी खुर्ची ओढून बसलो आणि समजावून घेतले.

सून पैशांची देवघेव करणाऱ्या एका प्रणालीवर काम करते. प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली, की शेकडो छोट्या चाचण्या आपोआप चालतात. खात्यातून रक्कम वजा झाली का? पावती निघाली का? पास असेल तर हिरवी खूण, नापास असेल तर लाल. पण काही चाचण्या अशा, की प्रोग्रॅममध्ये एक अक्षर न बदलताही आज पास आणि उद्या नापास. त्या मंडळींच्या भाषेत त्या ‘फ्लेकी’. मी त्यांना लहरी म्हणतो.

यंत्राला कसली आली लहर? कारणे ऐकली तर ती आपल्या स्वयंपाकघरातलीच निघाली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली अशा २०१ दुरुस्त्या तपासल्या. सर्वांत मोठे कारण होते वाट पाहण्यातली चूक. कुकर लावला आणि घड्याळात दहा मिनिटे पाहून गॅस बंद केला, तर ज्या दिवशी आच मंद असेल त्या दिवशी भात कच्चा राहणारच. घड्याळ नको, शिट्ट्या मोजाव्यात. चाचणीनेही ठरावीक सेकंद थांबून निकाल पाहू नये. काम पुरे झाल्याची खूण मिळेपर्यंत थांबावे. दुसरे कारण म्हणजे एकाच आमटीत सासूनेही मीठ घातले आणि सुनेनेही. दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. तिसरे, आधीच्या चाचणीने खरकटी भांडी तशीच ठेवली आणि पुढचीला ती घ्यावी लागली.

“पण शंभरात एखादीच तर अशी असते,” सून म्हणाली. मी बँकेतला माणूस, कागद-पेन्सिल घेतली. प्रत्येक चाचणी हजारात एकदाच खोटे बोलते असे धरा आणि अशा हजार चाचण्या घ्या. सगळ्या एकदम हिरव्या होण्याची शक्यता उरते जेमतेम ३७ टक्के! गूगल कंपनीने २०१६ साली आपला अनुभव जाहीर केला होता. त्यांच्याकडे लहरी निकाल होते फक्त दीड टक्का. पण हिरव्याची लाल झालेली चाचणी पाहिली, तर अशा ८४ टक्के प्रसंगांत लहरीपणाचा हात होता. मग लाल खुणेवर विश्वास कोण ठेवणार? पण उरलेल्या प्रसंगांत ती खूण खरे बोलत असते, तिचे काय?

मला १९८७ साल आठवले. तालुक्याच्या गावी एका शाखेत मी नवा अधिकारी होतो. बचत खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी दरमहा जुळवायची असे. आमच्याकडे तीनशे दहा रुपयांचा जुना फरक होता. हेडक्लार्क म्हणत, “साहेब, मागचाच फरक आहे, पुढं ओढू.” मी सही करीत असे. एका महिन्यात तो चारशे झाला. ‘फरक असतोच’ म्हणून मी तेव्हाही सही केली.

पुढे एक भाजीवाली बाई मुलाच्या परीक्षेची फी काढायला आली. तिच्या खात्यात तेवढी शिल्लक नव्हती. बाई वाद न घालता निघून गेली. नंतर मी शोध घेतला. वाढलेला फरक नव्वद, म्हणजे नवाने भाग जाणारा. आकडे उलटे पडल्याची ही जुनी खूण. तिने भरलेले २१० रुपये खात्यावर १२० लिहिले गेले होते. नव्वद रुपये आम्ही परत जमा केले. फी भरण्याचा शेवटचा दिवस मात्र तिला परत देता आला नाही.

लेजरने आम्हाला सांगितले होते. न ऐकण्याची सवय आम्ही लावून घेतली होती.

म्हणून लहरी चाचणीवर ‘पुन्हा चालवून बघू’ हा उपाय नव्हे. तिला इतरांपासून वेगळे ठेवावे, म्हणजे बाकीच्यांचा शब्द खरा राहील. पण या विलगीकरणाला मुदत हवी, नाहीतर त्याचे आमच्या सस्पेन्स खात्यासारखे होते. जमा होत राहते, निस्तरत कोणीच नाही. मुदतीत कारण शोधावे आणि चाचणी दुरुस्त करावी. निरुपयोगीच असेल तर काढून टाकावी.

हे ऐकून सून काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिने ती एकच चाचणी दोनशे वेळा चालवली. सात वेळा लाल. रात्री जेवताना म्हणाली, “बाबा, चाचणी लहरी नव्हती. एकाच क्षणी दोन मागण्या आल्या, की आमचा प्रोग्रॅमच रक्कम दोनदा कापत होता.”

म्हणजे आमटीत मीठ दोनदा पडत होते आणि ती बिचारी चाचणी सातदा तोंड वाकडे करून तेच सांगत होती.

आपल्या घरीही अशा लाल खुणा असतात. गॅसचा वास ‘येतोच कधी कधी’. आजोबांना चक्कर ‘येतेच कधी कधी’. मुलगा ‘असाच गप्प असतो कधी कधी’. दुसऱ्या दिवशी सारे हिरवे दिसते आणि आपण कामाला लागतो. एखाद्या रविवारी खुर्ची ओढून बसावे आणि विचारावे, ‘काय झालं होतं?’