तीन वर्षांच्या आधी

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो. शिक्षणाची आखणी मात्र ते तिसऱ्या वर्षापासून सुरू करतं. आधीची तीन वर्षं घरावर सोडलेली, आणि मला खटकतं ते हेच.

चेतापेशी बहुतेक जन्माआधीच तयार असतात; जन्मानंतर झपाट्याने वाढतात त्या त्यांच्यातल्या जोडण्या. शिकागोचे मेंदूतज्ज्ञ पीटर हटनलोकर यांनी मृतांच्या मेंदूचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्या मोजल्या. 1979 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूच्या पुढच्या भागात त्या प्रौढाच्या साधारण दीडपट दाट असतात. पुढे वापरातल्या टिकतात, पडून राहिलेल्या गळतात.

वापर म्हणजे काय? सात महिन्यांची मुलगी ‘ब्बा’ म्हणते. मेथी निवडणारी आजी मान वर करून विचारते, ‘काय गं, बाबा हवा?’ मुलगी हात आपटून पुन्हा ‘ब्बा’ करते, आजी पुन्हा उत्तर देते. ऐकणं, चेहरा वाचणं, आपल्या पाळीची वाट पाहणं, सगळं एकाच वेळी कामाला लागतं. मोबाइलवरचं गाणं बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही.

असं उत्तर देणारं माणूसच नसलं तर? हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर रुमानियाच्या अनाथालयांत हजारो मुलं सापडली. खायला मिळे, पण एकेका दाईकडे डझनभर मुलं. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमध्ये अशी 136 बालकं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांतली निम्मी पालक-कुटुंबांत पाठवली. वयाच्या दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांचे मेंदूचे विद्युत-आलेख आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारखे दिसले. उशिरा गेलेल्यांचे नाही. सगळंच भरून मात्र आलं नाही. एमआरआयमध्ये मेंदूतला करडा भाग कुटुंबात गेलेल्या आणि अनाथालयात राहिलेल्या, दोन्ही गटांत कमीच निघाला.

आपली मुलं अनाथालयात नाहीत, पण उत्तर द्यायला माणूस नसणं आपल्याकडेही आहे. ऊसतोडीच्या फडात आईबाप पहाटेपासून कोयता चालवतात. तान्हं बाळ बांधावर साडीच्या झोळीत, आणि झोका द्यायला सहा-सात वर्षांची बहीण. त्या आईची माया कमी नसते, तिच्याकडे वेळ उरलेला नसतो. अंगणवाडीशी अशा बाळाची गाठ पडलीच तर वजन, लस आणि घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटापुरती. तीन वर्षांखालच्या मुलांशी कसं खेळावं, बोलावं हे सांगणारी ‘नवचेतना’ पुस्तिका केंद्राने 2024 मध्ये काढली. ती चांगली आहे, पण नोंदी आणि ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपमध्ये अडकलेल्या सेविकेने ती राबवायची कधी? 50 कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला 2017 पासून पाळणाघर सक्तीचं आहे. फड त्यात कुठे बसतो?

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं आणि सहा महिन्यांपासूनचं मूल तिथे घेतात. राज्याने ही पाळणाघरं आधी साखर कारखान्यांच्या परिसरात, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात तिथे उघडावीत, आणि फक्त तान्ह्या मुलांसाठी वेगळी सेविका द्यावी. तिची नेमणूक गाळप सुरू होण्याआधी झाली पाहिजे.