मोतीच्या अंगाला खाज सुटते तेव्हा

मैत्रिणींनो, कोल्हापूरचा पाऊस मी तुम्हाला काय सांगायचा? आठ-आठ दिवस दोरीवरचं धुणं वाळत नाही. मग अंगभर दाट केस असलेल्या कुत्र्याचं काय होत असेल, याचा विचार आपण केलाय कधी?

गेल्या श्रावणात आमचा मोती ह्यांच्याबरोबर रंकाळ्यावर गेला आणि चिंब भिजून आला. घाईत मी वरवर पुसला. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पाहते तो काय, शेपटीच्या वर रुपयाएवढा लाल चट्टा! संध्याकाळपर्यंत तो तळहाताएवढा झाला. केस गळले, पाणी सुटलं, वास येऊ लागला. शेजारच्या काकू मायेनं म्हणाल्या, "अगं, उद्यमनगरातनं गॅरेजचं जळकं ऑइल आण की! लूत पळते बघ." मी आणलं आणि लावलंही. मोतीनं ते चाटलं आणि रात्रभर ओकत राहिला. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी मला चांगलंच सुनावलं, आणि ते बरोबरच होतं. जळकं ऑइल कातडी भाजतं आणि पोटात गेलं तर विषच.

अशा चट्ट्याला डॉक्टर 'हॉट स्पॉट' म्हणतात. ही लूत नव्हे. पिसू चावते, गोचीड लागतो, कान दुखतो किंवा केस ओले राहतात. कुत्रा तिथं चाटतो, चावतो. कातडी सोलवटते, जंतू वाढतात, खाज आणखी वाढते. म्हणून चाटणं थांबवायचं आणि जागा कोरडी ठेवायची, हे खरं औषध.

चट्टा फार दुखतो, त्यामुळे गरीब कुत्रंही चावू शकतं. मुलांना लांब ठेवा. कुणी दोघांनी मिळून काम करा. भोवतीचे केस जपून कापा. कुत्रं कापू देत नसेल तर डॉक्टरांकडूनच कापून घ्या. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घाला. स्वच्छ सुती फडकं त्यात भिजवून पाच मिनिटं चट्ट्यावर ठेवा. मग न चोळता, टिपून कोरडं करा. दिवसातून दोन-तीनदा असं करा. पट्टी बांधू नका, वारा लागू द्या. चाटू नये म्हणून कर्ण्यासारखी कॉलर मिळते, ती घाला.

हळद, पावडर यांचा ओल्या चट्ट्यावर पापुद्रा धरतो आणि खाली पू साचतो. आपली मलमं लावू नका, ती चाटली जातात. आपल्या डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. कुत्र्याला त्या घातक ठरतात. चट्टा पसरला, पू झाला, कुत्रं जेवेना किंवा एक-दोन दिवसांत जागा सुकली नाही, तर सरळ डॉक्टर गाठा. घरातल्या माणसांनाही खाज सुटली तर खरजेची शंका घ्या आणि आपल्याही डॉक्टरांना दाखवा.

आता मूळ कारण शोधू या. कुत्र्याच्या अंगावरून बारीक फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर टाका. लाल डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा! आमच्याकडे तसंच निघालं. पिसवांची अंडी गोणपाटात, चादरीत, फरशीच्या फटीत असतात. तेव्हा अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात घाला, कोपरे झाडा. पिसवांचं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणेच द्या. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला चुकूनही लावू नका. काही औषधांनी मांजर दगावतं.

मोती आठवड्यात बरा झाला. आता पावसातून आला की आधी त्याचं अंग, पोट, कानाच्या मागची जागा कोरडी करायची, मगच चहाचं आधण ठेवायचं, असा घरचा नियमच झालाय.

आणि उरलेलं ऑइल? ते ह्यांनी फाटकाच्या बिजागरीला घातलं. त्याची जागा तीच!