मुंडावळ्या बांधण्याआधीचे चेहरे

लग्न ठरलेल्या मुलामुलीने लग्नाआधी एकत्र फोटो काढून घ्यावेत की नाही, हा प्रश्न आता घरातल्या कुरबुरीपुरता राहिलेला नाही. समाजाच्या बैठकांत त्यावर ठराव होऊ लागले आहेत. 2019 साली भोपाळमध्ये गुजराती, जैन आणि सिंधी समाजांच्या संस्थांनी प्री-वेडिंगवर बंदी जाहीर केली. 2025 साली अहिल्यानगरला मराठा समाजाच्या बैठकीत लग्नाची आचारसंहिता ठरली, तिच्यातही प्री-वेडिंगला आळा घालणारे कलम आले. हुंडा नको, डीजे नको, माणसे मोजकीच बोलवा, ही तिच्यातली इतर कलमे मनापासून मान्य करावीत अशीच आहेत. म्हणूनच त्यांच्या रांगेत प्री-वेडिंगला बसवलेले खटकते. हुंडा ही पिळवणूक आहे, डीजे हा साऱ्या आळीला होणारा त्रास आहे. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला, तर त्यात पिळवणूक कोणाची आणि त्रास कोणाला? माझे म्हणणे असे आहे की ठरवून केलेल्या लग्नात जी गोष्ट हमखास कमी पडते, ती या फोटोंच्या निमित्ताने मिळते. लग्नाच्या एवढ्या मोठ्या कारभारात दोघांनी मिळून, दोघांसाठी केलेले पहिले काम हेच असते.

‘आपल्यात हे नव्हते’ हा पहिला आक्षेप. छायाचित्रण आपल्याकडे नवे नाही. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था 1854 सालीच उभी राहिली, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळात कॅमेरा हाती धरणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी होते. लग्न जुळवण्याच्या व्यवहारात तर फोटोने कित्येक पिढ्या काढल्या आहेत. मुलगी उपवर झाली की तिला स्टुडिओत नेऊन रंगवलेल्या पडद्यापुढे उभे करायचे, साडीचा पदर नीट लावायचा, हात कुंडीवर ठेवायला सांगायचा आणि तो फोटो पत्रिकेसोबत पाकिटात घालून गावोगाव धाडायचा. नापसंती आली की फोटो परत येई, कधी येतही नसे. तेव्हा लग्नाआधीचा फोटो आपल्यात होताच. फक्त त्यात ती एकटी असे, आणि तो फोटो पारख करणाऱ्या परक्या डोळ्यांसाठी काढलेला असे. आजच्या फोटोत दोघे असतात, पसंती होऊन गेलेली असते आणि समोर परीक्षक कोणी नसतो. जुन्या प्रथेवर ज्यांनी कधी ठराव केला नाही त्यांनी नव्या प्रथेला संस्कृतीविरोधी म्हणावे, हे मला पटत नाही. संस्कृतीच्या कसोटीवर दोहोंपैकी कोणता फोटो मुलीचा मान अधिक राखतो, हे तरी आधी पाहावे.

आता मुख्य मुद्दा. सुपारी फुटल्यापासून अक्षता पडेपर्यंतच्या काळात त्या दोघांना एकमेकांची ओळख किती होते? फोनवर बोलणे होते, पण फोनवर माणूस आपल्याला हवा तेवढाच दिसतो. बस्ता बांधायला जावे तर सोबत आत्या, मावशी, काकू आणि दोन्हीकडची मुले. साडीचा रंगसुद्धा बहुमताने ठरतो. कार्यालय, मेनू, मुहूर्त, आहेर, मानपान हे सारे वडीलधारे ठरवतात आणि त्यात वावगे काही नाही, कारण लग्न दोन घरांचे असते. पण फोटो कुठे काढायचे, काय घालायचे, किती खर्च करायचा, फोटोग्राफरने सुचवलेली कोणती गोष्ट करायची नाही, हे त्या दोघांनाच ठरवावे लागते. मग अर्धा दिवस उन्हात काढायचा. एकाला भूक लागते, दुसऱ्याचा बूट चावतो, ऐन वेळी ढग येतात. फोटोग्राफरच्या मदतनिसाशी तो कसा बोलतो, बेत फसल्यावर ती चिडते की दुसरा काढते, एकाला नको असलेली पोझ दुसरा रेटतो की लगेच सोडून देतो, हे सगळे त्या अर्ध्या दिवसात दिसते. कांदेपोह्यांच्या बशीपुढे छंद विचारून हे कळत नाही. आणि एखाद्या मुलीला त्या दिवशी असे दिसले की आपण काय घालावे यात आपल्याला मतच ठेवलेले नाही, तर तेही लग्नाआधी दिसलेले बरे.

ज्यांना हे फार मनोविश्लेषण वाटते त्यांनी निव्वळ सोयीच्या बाजूने पाहावे. आपल्या लग्नाच्या दिवसात नवरानवरीचा निवांत फोटो काढायला जागाच नसते. पहाटेपासून विधी सुरू होतात. मुहूर्त पुष्कळदा भर दुपारचा असतो. त्या वेळी मोकळ्यावर फोटो काढावा तर ऊन डोक्यावर असते, डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली पडते. आत काढावा तर कार्यालयातले रंगीबेरंगी दिवे चेहऱ्याचा वर्ण बदलून टाकतात. गोरज मुहूर्त असेल तेव्हाच तिरप्या उन्हाचा तो मऊ प्रकाश मिळतो, पण त्या घटकेला दोघांच्या मधे अंतरपाट असतो. मंगलाष्टके झाली की लाजाहोम, सप्तपदी, लगेच स्टेजवर आहेराची रांग, मग पंगत आणि उखाणे, आणि सूप वाजायच्या आत पाठवणीची घाई. या सगळ्यात चेहऱ्यावर मुंडावळ्या, कपाळी बाशिंग, जड शालू, दागिने आणि चार तासांचा मेकअप. ते रूप सुंदर असते, त्याचे स्वतःचे मोल आहे. पण ते त्या दिवसाचे रूप आहे. चष्मा लावणारी मुलगी तिच्याच लग्नाच्या अल्बममध्ये एकदाही चष्म्यात दिसत नाही. लग्नाआधीच्या फोटोत ती जशी असते तशी दिसते. फोटोग्राफरलाही या भेटीचा मोठा उपयोग होतो. उंचीतला फरक किती, काचेवर चमक कुठून येते, कोण फ्लॅशला डोळे मिटतो, कोणाचे हसू कॅमेरा खाली गेल्यावरच फुलते, हे त्याने आधी हेरलेले असते. कॅमेऱ्यापुढे अवघडणाऱ्यांची भीडही तेव्हाच चेपते. लग्नादिवशी त्याला ‘इकडे बघा, थोडे हसा’ असे ओरडून विधी थांबवावे लागत नाहीत, आणि गुरुजींचा पाऊण त्रास वाचतो.

धोक्याचा आणि उपद्रवाचा आक्षेप मात्र खरा आहे. तो हसण्यावारी नेता येणार नाही. 2020 च्या नोव्हेंबरात म्हैसूर जिल्ह्यात तलकाडूजवळ कावेरीत असे फोटो काढताना होडी कलंडून नियोजित वधूवर बुडाले. 2024 साली कर्नाटकातच चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या एका डॉक्टरने सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात शूट केले आणि नोकरी गमावली. पणजीत फोंतैन्यशच्या रहिवाशांना आपल्या दारात, खिडकीत, जिन्यावर सतत कोणी पोझ देत उभे असल्याचा इतका वैताग आला की फोटो काढू नका असे फलक लावण्याची वेळ आली. कास पठार ज्या पश्चिम घाटाचा भाग म्हणून 2012 साली जागतिक वारशात गेले, तिथली फुले वीतभर उंचीची. एका लांब घोळदार गाऊनखाली केवढा ताटवा चिरडतो याचा अंदाज कोणालाही करता येईल. गडकिल्ल्यांविषयी आपल्या मनात जे आहे ते तर सांगायलाच नको. या सगळ्यावर बंदी घाला, दंड करा, मी त्या बाजूने उभा आहे. पण यातून सिद्ध काय होते? जागा चुकली, अदब चुकली, एवढेच. ही ठिकाणे निवडायला लावते ती दुसऱ्यासारखा फोटो हवा ही हाव, आणि तिच्यावरचा उतारा सोपा आहे. ज्या कॉलेजच्या पायऱ्यांवर ती चार वर्षे बसली, ज्या एसटी स्टँडवरून तो रोज गाडी पकडत असे, त्याच्या वडिलांचे किराणा दुकान, तिच्या गावची विहीर, तालुक्याचे वाचनालय, इथे कोणाला उपद्रव होत नाही. वीस वर्षांनी बघताना या फोटोत पुष्कळ काही सापडेल. भाड्याच्या सेटवरच्या पांढऱ्या घोडागाडीत काय सापडणार?

खर्चाचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यातच सर्वांत जास्त गोंधळ आहे. अमुक लाखाचे पॅकेज, ड्रोन, सिनेमाच्या गाण्यावर टिझर, आणि बिल मुलीच्या वडिलांकडे, असे होत असेल तर दोष फोटोचा नाही. लग्नासाठी मुलीच्या बापाच्या गळ्यात घातलेली मागणी कोणत्याही नावाने आली तरी ती 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने ज्या वृत्तीवर बोट ठेवले तिचीच आहे. त्यामुळे नियम करायचाच असेल तर असा करावा: हा खर्च दोघांच्या कमाईतून, निम्मा निम्मा. यामागे नुसता स्वाभिमान नाही, कायद्याचे व्यवहारी कारणही आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, तो काढवून घेणारा असतो. म्हणजे काम दोघांच्या नावे सांगितले, पैसे दोघांनी दिले, तर फोटोंवर दोघांचा सारखा हक्क. मग ते फोटोग्राफरने जाहिरातीला वापरायचे की नाही, सोशल मीडियावर घालायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मुलीच्याही हातात राहतो. एक छोटा लेखी करार करून घ्यावा; त्यात संकोच कसला? कार्यालयातल्या एलईडी पडद्यावर ती फिल्म आजी-आजोबांपुढे आणि शेदोनशे पाहुण्यांपुढे चालवण्याला माझाही विरोध आहे. दोघांच्या जवळिकीची गोष्ट पंगतीची वाट पाहणाऱ्यांचा वेळ घालवायला वापरू नये.

‘लग्न मोडले तर?’ असे विचारणारे मुलीच्या अब्रूची काळजी वाहतात, असे ते म्हणतात. साखरपुडा दोनशे माणसांपुढे होतो, अंगठ्या घालतानाचे फोटो निघतात, त्याने अब्रू जात नाही. ठरलेले लग्न मोडणे हे दुःख आहे, कलंक नाही. आणि कलंक मानणारी नजर फोटो न काढल्याने निवळत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी या फोटोंचा एक निराळा उपयोग आहे. अमेरिकेच्या के-1 व्हिसासाठी, म्हणजे वाग्दत्त जोडीदाराला बोलावून घेण्यासाठी, अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटले होते हे दाखवावे लागते, आणि एकत्र काढलेले फोटो त्या पुराव्यात ठेवता येतात. अशा वेळी नटूनथटून काढलेल्या फोटोंबरोबर दोन्ही घरच्या माणसांसोबतचे साधे फोटोही काढून घ्यावेत.

शेवटी साधेपणाचा मुद्दा, कारण बंदीचे समर्थन बहुधा त्याच नावाने होते. साध्या लग्नाची परंपरा महाराष्ट्रात थोर आहे. महात्मा फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरोहिताविना पहिले सत्यशोधक लग्न लागले. त्या लग्नपद्धतीचा गाभा असा की वधूवरांनी एकमेकांना स्वतःच्या तोंडाने वचन द्यायचे, दुसऱ्याने त्यांच्या वतीने बोलायचे नाही. आज त्या वाटेने जाणारी अनेक जोडपी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करतात. तीस दिवसांची नोटीस, मग ठरल्या दिवशी विवाह अधिकाऱ्याचे टेबल, तीन साक्षीदार, सह्या, दोन हार, पेढ्यांचा एक पुडा, आणि दारात पुढचे जोडपे उभे. तिथे मांडव नाही, सनई नाही, अल्बम भरेल असे काही घडत नाही. त्या जोडप्याने आदल्या रविवारी ओळखीच्या फोटोग्राफरला तासभर बोलावले, घरातल्याच बऱ्या कपड्यांत, गच्चीवर, तिचा चष्मा न काढता चार फोटो काढून घेतले, तर काटकसरीच्या कोणत्या कलमाखाली त्यांना अडवायचे?