नवऱ्याचा ओटीपी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी लाडक्या बहिणींवरून चांगलीच जुंपली होती. धाकट्या भावजींचं म्हणणं, टॅक्सचे पैसे असे वाटायचे म्हणजे नुसती रेवडी. मी गप्प बसले. भावजींशी वाद घालायची सवय नाही, आणि बोटंही भराभर चालत नाहीत. म्हणून इथे सावकाश लिहिते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिचा नवरा एक दिवस कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. मेला नाही, फारकतही नाही. पदरात दोन मुलं. चार घरच्या पोळ्या करून महिना तीन हजार मिळवायची. २०१९ साली संजय गांधी निराधार अनुदान योजनेची रक्कम सहाशेवरून हजार झाल्याचं मी वाचलं आणि तिला बोलावून घेतलं. मोठ्या हौसेने फॉर्म भरायला बसलो. उत्पन्नाच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

"बाई, किती लिहू?"

"मिळतात तेवढे लिही. खरं तेच लिहायचं."

अट होती वर्षाला २१,००० रुपयांची, म्हणजे महिना साडेसतराशे. मी ती नीट वाचलीच नव्हती. तिचे भरले ३६,०००. अर्ज नामंजूर. तिच्या शेजारणीने वीस हजार लिहिले, तिला मिळाले! जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि त्या एका खऱ्या आकड्यापायी हिची पाच वर्षं गेली. ती मला कधी काही बोलली नाही. दिवाळीला येऊन पाया पडून जाते, तेच जास्त लागतं. असो.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली. अडीच लाखांची अट, म्हणजे खरं लिहायला वाव. टाकलेल्या बायकांनाही पात्र धरलेलं. राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार खात्यात आले. मला वाटलं, मुलांना कपडे घेईल. तिने आधी उचल फेडली. महिना भरायच्या आत पैसे संपतात, मग एखाद्या घरातून उचल घ्यायची, आणि उचल घेतली की त्या घराला नाही म्हणता येत नाही. पाहुणे आले, वीस पोळ्या जास्त कर. सण आहे, पहाटे ये. तापात सुद्धा ये. उचल फिटल्यावर दोन महिन्यांनी तिने ते एक घर सोडलं. त्या वेळात आता दोन डबे करून देते, स्वतःच्या भावाने. दीड हजारात एवढं होतं, भावजी.

तिजोरीवर भार आहे, मान्य. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटी धरले होते. सरकारी नोकरीतल्या काही बायकांनीही पैसे घेतल्याचं २०२५ मध्ये उघड झालं, तेव्हा चाळणी हवीच. पण कसली? सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी! ओरड झाली तेव्हा सवलत मिळाली. विधवांनी मृत्यूचा दाखला द्यावा, घटस्फोटितांनी कोर्टाचा कागद. नुसत्याच निघून गेलेल्या नवऱ्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो?

शेवटी तिने सासूकडून नंबर मिळवला आणि सात वर्षांनी त्याला फोन केला. त्याने आकडे सांगितले. मुलं कितवीत आहेत ते विचारलं नाही.

मला दरमहा पेन्शन येते. तिला कोणी रेवडी म्हणत नाही. नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देते, मी जिवंत आहे एवढं पुरतं. हिलाही तेवढंच विचारावं. खातं हिचं, आधार हिचा. कोण कोणाला टाकून गेलं हे अंगणवाडीच्या सेविकेपासून वाण्यापर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, त्यातल्या दोघांची सही घ्या.

परवा थोरलीच्या फीमाफीचा फॉर्म घेऊन आली होती. उत्पन्नाचा रकाना आला तशी आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या वेळी अट मी आधीच वाचून ठेवली होती.